बापाचा खून आणि सभासदांची यादी



आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या दुरुस्तीसाठी सध्या वर्गणी गोळा करणे चालू आहे. पावतीपुस्तक आमच्याकडे. वीस-बावीस वर्षे कारकुनी केल्यामुळे असली कामे आपसूकच आमच्या गळ्यात पडतात, आणि खरे सांगायचे तर ती आम्हाला आवडतातही. गेल्या रविवारी मागच्या गल्लीतला एक तरुण विहारात आला. पाचशे एक रुपये हातावर ठेवले आणि हळूच म्हणाला, "काका, पावतीवर नाव नका लिहू. 'एक उपासक' एवढंच लिहा."

आम्ही विचारले, "का रे बाबा? दान करतोस, चोरी तर करत नाहीस."

त्याने सांगितले ते असे. एका खाजगी कचेरीत त्याला नुकतीच नोकरी लागली आहे. आडनावावरून काही कळत नाही, त्यामुळे तिथे कुणी विचारले नाही आणि यानेही सांगितले नाही. विहारात देणगीदारांच्या नावांचा फलक लागणार हे त्याला समजले होते. कुणी फोटो काढला, तो इकडून तिकडे फिरला आणि साहेबांच्या नजरेस पडला तर? नोकरी कायम व्हायला अजून चार महिने आहेत.

आमचे खजिनदार चिडले. म्हणाले, "बाबासाहेबांनी ताठ मानेने जगायला शिकवलं आणि ही पोरं नाव लपवतात!" खोटे कशाला बोलू, आम्हालाही राग आलाच होता. पावती तशीच फाडली आणि घरी आलो. पण जेवताना अमेरिकेतील एक जुनी हकिकत आठवली आणि घास हातातच राहिला. तिची सुरुवात एका निवडणुकीपासून होते आणि शेवट सभासदांच्या यादीपाशी. तीच आज सांगायची आहे.

आधी थोडे कायद्याचे. आपल्याकडे राज्य सरकारचा वकील म्हणजे महाधिवक्ता. राज्यघटनेच्या कलम १६५ प्रमाणे त्याची नेमणूक राज्यपाल करतात. त्याच्यासाठी तुम्ही-आम्ही मत देत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या पन्नासपैकी त्रेचाळीस राज्यांत राज्याचा अॅटर्नी जनरल जनतेच्या मतांनी निवडला जातो. म्हणजे सरकारी वकील, पण पोस्टर लावून, सभा घेऊन, हात जोडून निवडून येणारा. हे चांगले की वाईट यावर वाद होऊ शकतो. लोकांचा वकील लोकांनी निवडावा हे ऐकायला बरे वाटते. पण ज्यांना मतच नाही त्यांचा तो वकील कसा होणार, हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

दक्षिणेकडील अलाबामा राज्यात फिनिक्स सिटी नावाचे गाव आहे. चॅटाहूची नदीच्या या काठावर फिनिक्स सिटी, पलीकडे जॉर्जिया राज्यातले कोलंबस शहर आणि त्याला लागून फोर्ट बेनिंगची मोठी लष्करी छावणी. छावणीतील हजारो तरुण शिपाई पगाराच्या दिवशी पूल ओलांडून येत आणि रिकाम्या खिशाने परत जात. जुगाराचे अड्डे, दारू, वेश्याव्यवसाय, खोट्या फाशांची आणि पत्त्यांची विक्री, सगळे उघड चालायचे. पोलीस, जिल्ह्याचे अधिकारी, मतदानकेंद्रे सगळी अड्डेवाल्यांच्या खिशात. तक्रार करणाऱ्यांची गत काय होई? १९५२ साली एका सुधारकाच्या घराखाली सुरुंग लावून ते उडवण्यात आले. त्याच वर्षी एका वकिलाच्या कचेरीला आग लावण्याचा प्रकार झाला.

तो वकील म्हणजे अल्बर्ट पॅटरसन. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, काठी टेकत चालणारा माणूस. तो काही पहिल्यापासून धुतल्या तांदळासारखा नव्हता. एकेकाळी त्याने याच जुगारवाल्यांच्या बाजूने वकिली केली होती, त्यांचे मीठ खाल्ले होते. पण पुढे त्याचे मन फिरले आणि तो गाव स्वच्छ करू पाहणाऱ्या नागरिकांच्या संघटनेला जाऊन मिळाला. गावात राहून हे होणार नाही, पोलीस आणि जिल्ह्याचे वकील त्यांचेच, तेव्हा राज्याचा अॅटर्नी जनरल होऊन वरूनच हात घालावा असे त्याने ठरवले. १९५४ च्या निवडणुकीत तो उभा राहिला. 'फिनिक्स सिटी साफ करीन' हाच त्याचा प्रचार.

त्या काळी अलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचे तिकीट मिळाले म्हणजे निवडणूक जिंकल्यातच जमा. तिकीट कुणाला हे ठरवायला पक्षाअंतर्गत मतदान होई आणि खरी कुस्ती तिथेच. मे महिन्यातील पहिल्या फेरीत पॅटरसन पुढे राहिला, पण निम्मी मते न मिळाल्याने १ जून १९५४ रोजी दुसरी फेरी झाली. समोर ली पोर्टर नावाचा उमेदवार. अड्डेवाल्यांनी पोर्टरच्या पाठीशी थैल्या मोकळ्या सोडल्या. तरीही पॅटरसन थोडक्या मतांनी निवडून आला.

मग सुरू झाली खाडाखोड. बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन जिल्ह्यात येते तिथल्या मतमोजणीच्या कागदावरचे आकडे मतदानानंतर बदलून पोर्टरच्या नावावर शेकडो मते वाढवण्यात आली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकड्यांच्या खाडाखोडीचे आम्हाला एक वेगळेच दुःख होते. तीनाचा आठ कसा होतो, बेरजेच्या ओळीत एखादा आकडा मागून कसा घुसवतात, हे कारकुनाला बरोबर दिसते. इथेही दिसले. पत्रकारांनी आकडे ताडून पाहिले आणि बिंग फुटले. या खाडाखोडीत हात असल्याचा आरोप कुणावर यावा? खुर्चीवर असलेला राज्याचा अॅटर्नी जनरल साय गॅरेट याच्यावर, आणि फिनिक्स सिटीचा जिल्हा सरकारी वकील आर्च फेरेल याच्यावर! ज्यांनी कायदा राखायचा तेच मतपत्रकाशी खेळले. बर्मिंगहॅममध्ये ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही हे तपासणारे नागरिकांचे मंडळ, बसले. पॅटरसनची तिथे साक्ष व्हायची होती.

ती झाली नाही. १८ जून १९५४, शुक्रवार, रात्री नऊच्या सुमारास पॅटरसन आपल्या कचेरीतून खाली उतरला. इमारतीशेजारच्या बोळात त्याची मोटार उभी होती. तिथेच त्याला अगदी जवळून गोळ्या घालण्यात आल्या. आपण शपथ घेईपर्यंत जगू याची आशा फार थोडी, असे तो आधीच लोकांना सांगत असे.

एवढे झाल्यावर मात्र राज्य हादरले. गव्हर्नर पर्सन्सने नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले आणि जुलैमध्ये गावात लष्करी अंमल जारी केला. पोलिसांचीच हत्यारे काढून घेतली. अड्डे फोडले, जुगाराची यंत्रे जाळली. सातशेहून अधिक आरोप ठेवले गेले. खुनाच्या आरोपात तिघे अडकले: अॅटर्नी जनरल गॅरेट, जिल्हा वकील फेरेल आणि मुख्य डेप्युटी शेरिफ अल्बर्ट फुलर. फुलरला जन्मठेप झाली, दहा वर्षांनी तो सुटला. फेरेल निर्दोष सुटला. गॅरेट टेक्सासमध्ये मनोरुग्णालयात जाऊन राहिला आणि त्याच्यावर खुनाचा खटला कधी चाललाच नाही. मोठ्या माशांचे असेच असते. असो.

मेलेल्या उमेदवाराच्या जागी पक्षाने त्याच्या मुलाला उभे केले. जॉन पॅटरसन, वय वर्षे ३३, तोही वकील, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. नोव्हेंबरमध्ये तो निवडून आला आणि जानेवारी १९५५ मध्ये बापाच्या नशिबी नसलेल्या खुर्चीवर बसला. त्याच वर्षी या सगळ्यावर 'द फिनिक्स सिटी स्टोरी' नावाचा चित्रपट निघाला. बापाच्या खुनाचा न्याय मागणारा शूर मुलगा! सारा देश त्याच्या बाजूने होता. आम्हीही पहिल्यांदा वाचले तेव्हा त्याच्याच बाजूने होतो.

आता तो मनात ठेवलेला प्रश्न काढा. १ जून १९५४ ला मते दिली कुणी? अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचे मत हिरावण्याची पक्की तजवीज केली होती. मतदार व्हायचे तर दर वर्षाला दीड डॉलर कर भरायचा. लिहिता-वाचता येते हे नोंदणी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करायचे, आणि पास-नापास ठरवणार तोच गोरा अधिकारी. शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय शिक्षकसुद्धा नापास होत. म्हणजे ज्या मतांची चोरी झाली म्हणून राज्य हादरले, ती मते जवळजवळ सारी गोऱ्यांचीच. काळ्या बांधवांची मते तर पन्नास वर्षांपूर्वीच चोरीला गेली होती, आणि त्यासाठी कुठल्या गावात सैन्य आले नव्हते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाचा आग्रह का धरला, आणि आपल्याला पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत कर न भरता, परीक्षा न देता मत कसे मिळाले, याची किंमत असल्या हकिकती वाचल्या की कळते.

आणखी एक योगायोग पहा. पॅटरसनच्या खुनाच्या सुमारे एक महिना आधी, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तो खटला लढवला होता एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या वकिलांनी. १९०९ साली स्थापन झालेली ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांची सर्वांत जुनी मोठी संस्था. तिच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, कारण हिंदुस्थानातील अस्पृश्यांचीही तशीच दाद मागण्याचा त्यांचा विचार होता. तेव्हा ही संस्था आपल्याला परकी नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामाच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीत, काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. धुणीभांडी करणाऱ्या बायाबापड्या मैलोन् मैल पायी कामाला गेल्या. फेब्रुवारी १९५६ मध्ये ऑथरीन ल्युसी ही कृष्णवर्णीय मुलगी अलाबामा विद्यापीठात शिकायला गेली आणि जमावाने दंगल केली. आता आमचा शूर मुलगा काय करतो? १ जून १९५६ रोजी, बाप निवडून आला त्या दिवसाला बरोबर दोन वर्षे होत असताना, अॅटर्नी जनरल जॉन पॅटरसन कोर्टात गेला आणि एन.ए.ए.सी.पी.वर राज्यात बंदीचा हुकूम आणला. कारण काय? तर संस्थेची नोंदणी न्यूयॉर्कची, अलाबामात परकी कंपनी म्हणून तिने कागद दाखल केले नाहीत! आम्ही कारकून असल्याने ही युक्ती लगेच ओळखली. माणसाला थेट मारता येत नसले की त्याच्या फायलीत त्रुटी काढायची.

खरा डाव पुढे होता. संस्थेने कागदपत्रे हजर करावीत असा हुकूम झाला. त्यात मागितली होती अलाबामातील सर्व सभासदांची यादी. नावे आणि पत्ते.

संस्थेने बाकीचे सगळे द्यायची तयारी दाखवली. पदाधिकाऱ्यांची नावे दिली. पण साध्या सभासदांची यादी दिली नाही. दहा हजार डॉलर दंड झाला. पाच दिवसांत यादी न दिल्याने तो एक लाख डॉलर झाला. तरी दिली नाही.

का दिली नाही? कारण त्या वहीत नाव असणे म्हणजे काय हे अलाबामातील प्रत्येक काळ्या माणसाला ठाऊक होते. कळले की मालक कामावरून काढी, सावकार आणि दुकानदार उधारी बंद करी, घरमालक बिऱ्हाड काढायला लावी. रात्री दारावर कोण येईल याचा नेम नाही. शिक्षक, शेतमजूर, मोलकरणी, पोस्टात काम करणारे असले लोक वर्षाची वर्गणी भरत होते आणि त्यांची नावे कुणातरी आमच्यासारख्याच वही ठेवणाऱ्याने लिहून ठेवली होती. ती वही हातात घेऊन बसलेल्या त्या माणसाचा किंवा बाईचा आम्हाला फार विचार येतो. त्यांचे नाव इतिहासात नाही.

दोन वर्षांनी, ३० जून १९५८ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. संघटना करण्याच्या हक्कात सभासदांची नावे गुप्त राखण्याचा हक्कही येतो, कारण जिथे बहुसंख्य समाज विरोधात आहे तिथे नाव उघड झाले की संघटनाच मोडते, असा त्याचा मथितार्थ. 'एन.ए.ए.सी.पी. विरुद्ध अलाबामा' हा खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. पण निकाल लागला म्हणून न्याय मिळाला असे नाही. राज्याने नाना खुसपटे काढून प्रकरण लांबवले. चार वेळा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि १९६४ साली, आठ वर्षांनी, संस्थेला अलाबामात पुन्हा पाय ठेवता आला.

तोपर्यंत लोक काय स्वस्थ बसले? बंदीनंतर चारच दिवसांनी बर्मिंगहॅममध्ये रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांनी नवी संघटना उभी केली. नाव वेगळे, वही वेगळी, माणसे तीच. त्याच वर्षाच्या नाताळात त्यांच्या घरावर बाँब पडला. ते वाचले, आणि दुसऱ्याच दिवशी लोकांना घेऊन बसमध्ये गोऱ्यांच्या जागांवर जाऊन बसले.

आणि जॉन पॅटरसन? १९५८ मध्ये तो गव्हर्नरपदाला उभा राहिला. बापाचा खून आणि एन.ए.ए.सी.पी.वरची बंदी ही दोन्ही भांडवले घेऊन. कू क्लक्स क्लॅनचा पाठिंबा त्याने घेतला. समोरच्या जॉर्ज वॉलेसला त्याने सुमारे पासष्ट हजार मतांनी हरवले, आणि त्या हारेतून वॉलेस असा काही धडा शिकला की पुढे तो त्याच्याहून कडवा वर्णद्वेष्टा होऊन गव्हर्नर झाला. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्स म्हणून निघालेल्या काळ्या-गोऱ्या तरुणांना मॉन्टगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने झोडपले तेव्हा राज्याचा प्रमुख हाच.

ही हकिकत आम्ही आमच्या अभ्यासवर्गात सांगितली होती. तेव्हा एक मावशी, ज्या चार घरची कामे करतात, त्या म्हणाल्या, "त्याचा बाप तर गुंडांनी मारला. भय काय असतं हे त्याला ठाऊक होतं. मग दुसऱ्याच्या लेकराबाळांना भय दाखवताना त्याचा हात कसा नाही थरथरला?" वर्गात कुणालाच उत्तर देता आले नाही. म्हातारपणी त्याने आपल्या त्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला, मते मिळवायची तर दुसरा मार्ग नव्हता असेही सांगितले, २००८ साली बराक ओबामांना पाठिंबाही दिला, आणि २०२१ मध्ये ९९ वर्षांचा होऊन वारला. मावशींना हे सांगितले तर म्हणाल्या, "खेद ठीक आहे. पण ज्यांची कामं गेली असतील, त्यांची परत लावून दिली का?"

त्याच राज्याचे आणखी एक सांगतो, तरुण वाचकांसाठी. १९६५-६६ मध्ये अलाबामाच्याच लाउन्ड्स जिल्ह्यात काळ्या शेतमजुरांनी मतदार म्हणून नावे नोंदवून स्वतःचा पक्ष काढला. नोंदणी केली म्हणून कित्येकांना जमीनदारांनी घराबाहेर काढले आणि ती कुटुंबे तंबू ठोकून राहिली. त्यांच्या पक्षाची निशाणी होती काळा चित्ता. ती निशाणी पाहून कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याचे नाव वाचून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या मुलांनी दलित पँथर काढली. ज्यांनी नावे लपवली तेही त्याच मातीतले आणि ज्यांनी नावे नोंदवून तंबूत राहणे पत्करले तेही. एकाला भित्रा आणि दुसऱ्याला शूर म्हणण्याचा अधिकार निदान आम्हाला तरी नाही. आमची नोकरी कायम आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आमचे आडनाव कचेरीत सर्वांना माहीत आहे आणि आता कुणी आमचे काही वाकडे करू शकत नाही. त्या पोराचे तसे नाही.

सोमवारी संध्याकाळी खजिनदारांकडे गेलो. त्यांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण भाऊ, फलकावर पाचशे एक रुपयांपुढं काय लिहायचं? हिशेब जुळायला हवा." आम्ही म्हटले, पावती क्रमांक लिहू. क्रमांक आहे, रक्कम आहे, बेरीज चोख बसते. ते म्हणाले, "आणि उद्या सगळेच म्हणाले नाव नको, तर?" तर फलक क्रमांकांचा होईल, आम्ही म्हणालो. त्यांना ते पटलेले दिसले नाही. देणगीदारांचा उत्साह जाईल असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चूक आहे असेही नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर कमिटीची बैठक आहे, त्यात फलकाचा विषय निघेल. पावतीपुस्तक तोवर आमच्या कपाटात आहे.